सातवी ओळ

१

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना एल्विन ट्रेझाइस घराबाहेर पडे. बरोबर नऊला तो अंगणातल्या पर्जन्यमापकापाशी उभा असे. पितळी नरसाळं फिरवून उचलायचं. खालच्या डब्यातलं पाणी मोजपेल्यात ओतायचं. गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, नाहीतर आकडा चुकतो. मग पेला तीनदा झटकायचा आणि नरसाळं पुन्हा बसवायचं. गेली तीन वर्षं डब्यात पाणी नव्हतं. तरी तो ओते. रिकामा डबा रिकाम्या पेल्यात ओतायलाही तेवढाच वेळ लागतो.

मग स्वयंपाकघरात येऊन तो शून्य लिही.

हा नियम त्याच्या बायकोचा, इव्हॉनचा. ती म्हणायची, नोंदीची जागा कोरी ठेवायची नाही. कोरी जागा म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या घरची जागा एकदाही कोरी राहिली नव्हती. इव्हॉनची आई गेली त्या दिवशीही नाही.

कूरिंडा गावाच्या उत्तरेला त्यांचं धरून गहू पिकवणारी सहा घरं होती, एकमेकांपासून मैलोगणती लांब. अकरा वर्षांपूर्वी इव्हॉननं पावसाचा ब्लॉग काढला. सहाही घरं आपापल्या पानावर पाऊस लिहीत आणि तिच्या ब्लॉगच्या उजव्या रकान्यात प्रत्येकाची ताजी नोंद आपोआप येऊन बसे. त्याला ती फीड म्हणे. लोक सकाळच्या चहाबरोबर तो रकाना वाचत. आकड्यापुढे शेरा असे. कुणी धुकं लिही, कुणी धूळ. मर्व्ह नित्श्के आपला गुडघा लिही.

फेब्रुवारीत इव्हॉनला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, दोन-तीन शब्द उरले. आता ती चाळीस किलोमीटरवर, कूरिंडाच्या वृद्धाश्रमात होती. रोज सव्वानऊला तिथली मेले नावाची, मूळची टोंगा बेटांवरची बाई तिच्यासमोर टॅब उभा करी आणि इव्हॉन सहा ओळी वाची. सहा असल्या की दिवस शांत जाई. एखादी कमी असली तर ती जेवत नसे, डाव्या हातानं चादर ओढत राही.

एल्विनला आता दुसरं काम नव्हतं. सहा ओळी तिच्यापर्यंत पोचल्या पाहिजेत, एवढंच.

२

जूनमध्ये रकाना बंद पडला. ब्लॉगची सोय पुरवणाऱ्या कंपनीनं कळवलं की जुनी पद्धत संपली, फीड नव्यानं बसवून घ्या.

एल्विन आठवीपर्यंत शिकलेला. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी उभा राहिलेला. कुणाला विचारायला जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. इव्हॉनची वही होती. तिनं त्यात सगळं हातानं लिहून ठेवलं होतं. मांडणीचं पान उघड. रकाना जोड. पत्ता चिकटव. प्रत्येक घराची एकच नोंद. तारीख नको, वेळ हवी. मजकूर किती, याच्यापुढे तिनं ‘संपूर्ण’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्याला तीन सकाळी लागल्या. एका बोटानं पत्ते टाइप करताना एक अक्षर चुकलं की घर गायब होई. डोळे दुखत. तिसऱ्या दिवशी पाच घरं नीट आली आणि मर्व्हच्या गुडघ्यानं अर्धा रकाना खाल्ला. कुठं कळ येते, डॉक्टर काय म्हणाला, बायको काय म्हणाली.

एल्विननं वहीतल्या दोन रेघा पाहिल्या. मग मजकुराच्या जागी ‘फक्त पहिली ओळ’ निवडलं. बायकोला पाऊस वाचायचा होता, मर्व्हचा गुडघा नव्हे. रकाना सरळ झाला. एकाखाली एक, कोठारावरच्या पावत्यांसारखा. त्याला बरं वाटलं.

त्यानं मोजल्या. सात ओळी होत्या.

सातव्या ओळीला घराचं नाव नव्हतं. नुसती वेळ होती, ९:००. पुढे लिहिलं होतं:

०. फाटक उघडं.

यादीतले पत्ते त्यानं बोट ठेवून मोजले. सहा. रकान्यातल्या ओळी मोजल्या. सात. मग तो उठून दारात गेला.

फाटक उघडं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं ते लावल्याचं त्याला आठवत होतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी आठवणं हा काही पुरावा नव्हे.

३

त्यानं सातवी ओळ काढायचा प्रयत्न केला. यादीत जे नाही ते काढणार कसं? मग त्यानं मर्व्हला फोन लावला. मर्व्हचं घर वीस मिनिटांवर. असली थट्टा करणारा तोच.

“अरे बाबा,” मर्व्ह म्हणाला, “मला माझं पान उघडायला जावई लागतो. तुझं फाटक उघडायला मी पहाटे उठून गाडी हाकू? या गुडघ्यानं?”

एल्विन म्हणाला, बरं.

“आणि माझा गुडघा गेला कुठं? बायको म्हणते, रकान्यात दिसत नाही.”

“पहिली ओळच ठेवलीय.”

“मग उद्यापासून गुडघा पहिल्या ओळीत. पाऊस काय, पडत नाहीच.”

दुसऱ्या दिवशी सातव्या ओळीत होतं, ०. कप धुतलेला नाही. कप मोरीत होता. तिसऱ्या दिवशी, ०. जिप पायरीखाली. जिप त्यांचा म्हातारा बहिरा कुत्रा. तो हल्ली नऊच्या सुमाराला पायरीखाली जाऊन बसे, हे एल्विनच्या ध्यानात आलेलं होतं. त्यावर त्यानं विचार केलेला नव्हता.

चौथ्या दिवशी टोस्ट खाताना त्याचा घास हातात राहिला.

फाटकाचा आकडा सैल आहे, हे कुणाला ठाऊक? नवरा कप धूत नाही, हे कुणाला ठाऊक? आधी पावसाचा आकडा, मग दोन-तीन शब्दांचा शेरा, पुढे टिंब. ही लिहायची रीत कुणाची? इव्हॉनजवळ टॅब होता. डावा हात चालत होता.

त्यानं वृद्धाश्रमात फोन करून मेलेजवळ सहज चौकशी केली, ती टॅबवर काही करते का. मेले म्हणाली, हो, बराच वेळ बोट ठेवून असते, काढू देत नाही.

एल्विनला तेवढं पुरलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. कप धुतला. फाटकाला नवा आकडा बसवला. दुसऱ्या सकाळी ओळ आली, ०. फाटक लागलेलं.

त्यानं ती दोनदा वाचली. फेब्रुवारीपासून त्याच्या कुठल्या कामाकडे कुणी पाहिलं नव्हतं. लोक डबे आणून देत, कसा आहेस विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीत बसत. ही ओळ मात्र रोज येई. नवा आकडा बसवल्याचं तिला चाळीस किलोमीटरवर कसं कळलं, हा प्रश्न त्याला पडला. पण नवऱ्याला बायको ओळखून असते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. थकलेल्या माणसाला असलं उत्तर चालतं.

शिवाय लिहिणारानं नऊची वेळ एकदाही चुकवली नव्हती. अशा माणसाबद्दल एल्विनला आदरच होता.

४

जुलैत त्याला ताप भरला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा नऊ वाजता तो अंथरुणात होता. खोलीची खिडकी अंगणाकडे होती, जाळीचा पडदा ओढलेला. पर्जन्यमापक तिथून तीस पावलांवर. उठायला हवं, हे त्याला कळत होतं. पाय ऐकत नव्हते.

स्वयंपाकघरातल्या घड्याळानं नऊ वाजवले.

बाहेर पितळ घासल्याचा आवाज आला. नरसाळं फिरवून उचलताना येतो तसा. हा आवाज दुसऱ्या कशाचा असू शकत नाही. मग थोडा वेळ काही नाही. रिकामा डबा रिकाम्या पेल्यात ओतायला लागतो तेवढा वेळ. मग पेला झटकल्याचा आवाज. एकदा. दोनदा.

एल्विन तिसऱ्याची वाट पाहत राहिला. तो आला नाही. नरसाळं खाली बसलं. जमीन कोरडी ठणठणीत होती, खडी पसरलेली. तिच्यावर चालल्याचा आवाज मात्र ना येताना झाला ना जाताना. खोलीच्या लाकडी जमिनीखाली जिप एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकला.

पाव तासानं तो भिंत धरत स्वयंपाकघरात गेला. मोजपेला फळीवर आपल्या जागी होता. काठाला टवका उडालेला, तोच. त्यानं आत बोट घातलं. ओलं लागलं.

त्यानं ब्लॉग उघडला. त्याच्या घराच्या नावापुढे शून्य होतं. त्यानं लिहिलेलं नव्हतं. तापात लिहिलं असेल, पेलाही तापात विसळला असेल. माणूस तापात चालतो, बोलतो, त्याला आठवत नाही. हे सगळं त्यानं नीट एकापुढे एक मांडलं आणि ते पटण्यासारखं होतं.

मग त्यानं सातवी ओळ वाचली.

०. पुरुष अंथरुणात.

एल्विन नाही. म्हातारा नाही. पुरुष. इव्हॉननं बेचाळीस वर्षांत त्याला बऱ्याच नावांनी हाक मारली होती. पुरुष कधी म्हटलं नव्हतं. तिचे शब्द गेलेत, नावही गेलं असेल, असं त्यानं म्हणून पाहिलं. ते त्यालाच पटेना. त्यानं घराला कुलूप लावलं आणि तापातच गाडी काढली.

५

इव्हॉनची खोली तळमजल्यावर होती. खिडकीशी पलंग, बाहेर खडीची पायवाट. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती, डोळे उघडे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. टॅब कुठं दिसेना.

मेले त्याला बाहेर ओसरीत घेऊन गेली. ती अंगानं थोराड, नेहमी हसून बोलणारी बाई. आज हसली नाही. म्हणाली, टॅब अकरा दिवसांपूर्वीच काढून घेतलाय. डाव्या हातानं ठोसे मारायची त्याच्यावर. त्याआधी बोटानं ओळ पुसायला बघायची, तासतासभर. टॅब काढला तरी झोपत नाही. डॉक्टरनं गोळी दिली, तरी नाही.

“मला कळवलं नाही तुम्ही,” एल्विन म्हणाला.

“कळवणार होते. मग म्हटलं, लिहिणारे तुम्हीच. तुम्हाला काय सांगायचं?” तिनं खोलीकडे पाहिलं. “आमच्यात असं करत नाहीत. आजारी बाईला कुणी असं भिववत नाही, एल्विन.”

त्यानं विचारलं, काय लिहिलंय?

तिनं कपाटातून टॅब आणला. ब्लॉगची अक्षरं इव्हॉनला बारीक पडत, म्हणून मेलेच्या मुलानं वेगळी सोय करून दिली होती. रकान्यातल्या नोंदी थेट टॅबवर येत, मोठ्या अक्षरांत. एल्विन आपल्या स्वयंपाकघरात पहिली ओळ पाहत असे. इथं नोंद संपूर्ण येत असे.

त्यानं चष्मा लावला.

०. फाटक उघडं.
खिडकीशी पलंग. बाई जागी.

०. कप धुतलेला नाही.
बाई जागी. तोंड खिडकीकडे.

०. फाटक लागलेलं.
पडदा पातळ. बाई जागी.

बावीस दिवस. प्रत्येकापुढे वेळ एकच, ९:००. दोन जागांमध्ये चाळीस किलोमीटर आणि मिनिट तेच. शेवटची नोंद आजची होती.

०. पुरुष अंथरुणात.
बाई जागी. मध्ये कुणी नाही.

मेले त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिनं हळू आवाजात विचारलं, “तुम्ही नाही लिहिलंत?”

“नाही.”

“मग कुणी?”

एल्विननं चष्मा काढला. तो वहीतल्या दोन रेघांचा विचार करत होता. दुसरी ओळ पहिल्या दिवसापासून होती. त्यानं ती आपल्या हातानं कापली होती, रकाना सरळ दिसावा म्हणून. आणि वर उरलेल्या अर्ध्या नोंदीवर तो रोज सकाळी सुखानं टोस्ट खात होता.

६

मेलेनं त्याला कचेरीतला संगणक दिला. त्यानं सहाही पत्ते काढले. मग रकानाच काढला. अकरा वर्षांचा ब्लॉग उजव्या बाजूला कोरा झाला. त्यानं सगळ्यांना फोन करून सांगितलं, उद्या कुणी लिहू नका.

मर्व्ह म्हणाला, “आणि पाऊस पडला तर?”

“तरी नको.”

“ताप आहे का तुला?”

“आहे.”

मर्व्ह म्हणाला, “बरं. कुत्र्याला मी बघतो.” गुडघ्याचं त्यानं काही काढलं नाही.

एल्विन घरी गेला नाही. खोलीच्या दाराजवळ खुर्ची होती, तिच्यात त्यानं रात्र काढली. जेव्हा जेव्हा त्याला जाग आली तेव्हा इव्हॉन जागीच होती.

सकाळी उजेड झाला. मेले येऊन इव्हॉनचं तोंड पुसून गेली. पावणेनऊला एल्विन तिच्याजवळ गेला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

“मी संपूर्ण ठेवायला हवं होतं,” तो म्हणाला.

इव्हॉननं डावा हात पुढे केला आणि त्याची बाही धरली. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले.

“बघू,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, “नको.”

फेब्रुवारीपासून दोन शब्द एकापुढे एक आले नव्हते.

ओसरीतल्या घड्याळाचा काटा नऊवर आला. खिडकी बंद होती, कडी आतून लावलेली. तिच्या अलीकडे फिका पडदा, खालपर्यंत. एल्विन त्या पडद्याकडेच पाहत होता. नजर काढायला उशीर झाला.

पितळ घासल्याचा आवाज आला. या आवारात पर्जन्यमापक नव्हता.

मग पडदा आत फुगला. सगळा नाही. एकाच ठिकाणी, हळूहळू, पलंगावर निजलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. आकडा नीट वाचायचा असला की माणूस गुडघे वाकवून डोळा पातळीला आणतो, तसा. खिडकीची कडी लागलेली होती. जे होतं ते कडीच्या आतल्या बाजूला होतं.

इव्हॉननं बाही ओढली.

एल्विननं नजर खाली केली. तो गेला आणि दाराजवळची खुर्ची घेऊन आला. ती उचलताना त्याच्या पाठीत कळ आली. पलंग आणि पडदा यांच्यामध्ये दीड हात जागा होती. तिथं त्यानं खुर्ची ठेवली, पडद्याकडे पाठ करून, आणि तो बसला. आता इव्हॉनला खिडकीच्या जागी तो दिसत होता.

त्याच्या उजव्या कानामागे पेला झटकल्याचा आवाज झाला. एकदा. दोनदा.

मानेवर एक थेंब पडला. गार होता. तीन वर्षांत आकाशातून त्याच्या अंगावर काही पडलं नव्हतं, आणि हा छताखाली पडला. तो कॉलरच्या आत शिरला आणि पाठीवरून सावकाश खाली गेला. एल्विन हलला नाही.

इव्हॉन त्याच्याकडे पाहत होती. फक्त त्याच्याकडे. मग तिची बाहीवरची बोटं सैल झाली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं ती घोरू लागली. बेचाळीस वर्षं त्यानं त्या घोरण्याची कुरकुर केली होती.

७

साडेनऊला मेले चहा घेऊन आली. इव्हॉनकडे पाहून तिनं ट्रे अगदी हळू ठेवला. तिनं पडदा सारला. उन्हात पायवाट कोरडी पडली होती. खिडकीच्या आतल्या कठड्यावर काचेचा पेला होता, काठाला टवका उडालेला.

“हा तुमचा?” तिनं विचारलं.

“माझाच.” तो पेला त्याच्या स्वयंपाकघरात, कुलपाआड, फळीवर असायला हवा होता. त्यानं तो घेऊन आत बोट घातलं आणि खिशात ठेवला.

मेलेच्या दुसऱ्या हातात टॅब होता. ती म्हणाली, यादी कोरी आहे, मी स्वतः पाहिली. तरी हे आलंय. दाखवू की नको, हे तिला कळत नव्हतं. एल्विननं हात पुढे केला.

०. बाई झोपली.
पुरुष मध्ये.

त्यानं खाली आणखी ओळ आहे का पाहिलं. अंगठ्यानं पान वर सारलं, पुन्हा वर सारलं. नव्हती. आता तो मजकूर संपूर्णच वाचणार होता.

चहा कोमट झाला होता. तो त्यानं प्यायला. मग विचारलं, भेटायला येणाऱ्यांना किती वाजता आत सोडता? मेले म्हणाली, दहाला.

“मग मला इथंच राहावं लागेल,” एल्विन म्हणाला. “नऊला ही खुर्ची इथं लागेल.”

“उद्या?”

“रोज.”

मेलेनं नियम सांगायला तोंड उघडलं. खुर्ची कुठं ठेवली आहे ते तिनं पाहिलं, त्याच्या मानेवर ओली झालेली कॉलर पाहिली आणि ती रिकामा कप उचलून निघून गेली. जाताना तिनं पडदा ओढला नाही. एल्विनला सांगावंसं वाटलं की ओढला काय, न ओढला काय, सारखंच. पण इव्हॉन झोपली होती, म्हणून तो बोलला नाही.